शिळं पाणी

खाडगाव रोडला, तिसऱ्या मजल्यावर
नळ नवव्या दिवशी येतो.
कॅलेंडरवर मी त्याला गोल करून ठेवते,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

नळ आला की आधी एकच काम असायचं :
पिंप आडवं करायचं.
झाकलेलं, नितळ, तळ दिसणारं पाणी
मोरीत धडाधड सोडायचं
आणि म्हणायचं, शिळं झालं.
आईनं सोडलं, सासूबाईंनी सोडलं,
मीही अकरा वर्षं सोडलं.
दर नवव्या दिवशी आमच्या खालची गटार
श्रीमंत होऊन वाहायची.

मग एकदा केतकीनं विचारलं,
तोंडात अर्धी चघळलेली पेन्सिल :
"हे पाणी धरणात किती दिवस होतं?"
"असेल की वर्षभर."
"मग तिथं नाही का शिळं झालं?"

मी पिंपाचा काठ धरून तशीच.
नळ नुसती हवा फुसफुसत होता.
आतून व्यंकट ओरडला,
"कामून थांबलीस? नळ आला की!"

त्या दिवशी पिंप आडवं झालं नाही.
रात्री मात्र दोनदा उठून
मी पाण्याचा वास घेतला.

त्यानंतर घर सुधारलं वगैरे काही नाही.
फिल्टरच्या काळ्या नळीखाली बादली आली, इतकंच.
एक तांब्या गोड पाणी देताना
तो तीन तांबे खारं टाकतो,
हे मला बादलीनं सांगितलं.
ते पाणी हौसेनं कढीपत्त्याला घातलं
तर पानं टोकाकडून करपली.
आता ते फरशीला, संडासला;
कढीपत्त्याला तांदूळ धुतल्याचं.
त्यानं मला माफ करायला दोन महिने घेतले.

व्यंकटची साखर दोनशे चाळीस निघाली
तेव्हा मी ज्वारी आणली.
तो ताटाकडे बघत बसला.
"भाकरीवर शिकलो," म्हणाला,
"ते पोळी मिळावी म्हणून."
यावर काय बोलणार?
मी शेंगाची चटणी वाढली,
वर घाण्यावरचं करडईचं तेल.
दुसरी भाकरी त्यानं मागितली नाही,
ताट पुढे सरकवलं.

पिशवी मी त्याच्याच जुन्या पँटची शिवली.
चेन तशीच राहिली, खिसेही.
गंजगोलाईत दुकानदार हसला म्हणे.
आठ दिवस पिशवी खुंटीला लटकून होती.
मग त्यालाच सुचलं,
मागच्या खिशात यादी बसते
आणि पुढच्यात सुटे पैसे.
आता वांगी आणतो आणि ऐटीत सांगतो,
"चेन उघड."

पण दाराआडची पिशव्यांची पिशवी
अजून तिथंच आहे, फुगलेली.
मिलमधून उशीर झाला की तो
खारीचा पुडा आणतो, लपवतो,
मला सापडतो, मीही दोन खाते.
पालिकेची बाई टॉर्च मारून
पिंपात अळ्या शोधते;
दादरा बांधलेला बघून मान हलवते
आणि समोरच्या घरी जाते.
पिंप रिकामं झालं की घासते,
भरलेलं असताना नाही.

काल गोल केलेली तारीख होती.
नळ आला. अर्ध्या पिंपात
नव्या पाण्याची धार पडली.
केतकी वाकून ऐकत होती,
म्हणाली, आवाज बदलतो बघ वर येताना.

तेवढ्यात निलंग्याहून आईचा फोन.
सगळ्यांचं विचारून झालं,
मग नेहमीसारखं :
"शिळं पाणी सांडलीस का गं?"

"हो," म्हणाले मी,
आणि दुसऱ्या हातानं
हळूच, आवाज होऊ न देता,
झाकण ठेवलं.